जुन्या व्हॅनच्या गिअर बॉक्सचं मागचं ऑइल सील बदलताना

गिअर बॉक्सच्या मागच्या टोकाकडून तेल गळायला लागलं की जुनं सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारं रबरी ओठाचं कडं) उपटायचं आणि नवं ठोकायचं, एवढंच पाहिलं तर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. जुन्या व्हॅनमध्ये मात्र सील सहसा एकटं खराब होत नाही. मागचा बुश (शाफ्टला आधार देणारी धातूची बाही) झिजलेला असतो, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी टोपी) चिखलाने बुजलेला असतो किंवा योकवर (शाफ्टच्या टोकाच्या सरकत्या तुकड्यावर) चर पडलेला असतो. ते कारण तसंच ठेवून कितीही चांगलं सील बसवलं, तरी थोड्याच दिवसांत जमिनीवर पुन्हा तोच डाग दिसतो. म्हणून सील कसं बसवायचं याच्याइतकंच ते का गेलं हे शोधणं इथे महत्त्वाचं धरलं आहे.

या लेखातली व्हॅन म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्स सरळ रेषेत असलेली, मागची चाकं प्रोपेलर शाफ्टने फिरवणारी गाडी. शाफ्टच्या पुढच्या टोकाला सरकता योक असतो आणि तो गिअर बॉक्सच्या मागच्या हाऊसिंगमध्ये शिरतो. योकच्या बाहेरच्या गुळगुळीत अंगावर सीलचा ओठ टेकतो. आतल्या बाजूला त्याच अंगाला बुशचा आधार असतो. हे तिघं एकमेकांवर अवलंबून आहेत, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

तेल नक्की कुठून येतंय

गाडीखाली हवा मागे वाहते आणि तेलही तिच्याबरोबर मागे पसरतं. त्यामुळे सगळ्यात ओला भाग आणि गळतीची जागा एकच असेल असं नाही. आधी गिअर बॉक्स, बेल हाऊसिंगचा (इंजिन आणि गिअर बॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाचा) खालचा भाग आणि मागचं हाऊसिंग डिझेल किंवा ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवा आणि लगेच खाली जाऊन पाहा. पावडरीवर तेलाची रेघ जिथून सुरू होते, तिथून ते बाहेर येतंय.

गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास असतो. इंजिन ऑइल बहुधा काळं आणि पातळ असतं, त्याला हा वास येत नाही. क्लच किंवा ब्रेकचं फ्लुइड बोटाला पाण्यासारखं लागतं आणि रंग उचकटतं. काही गिअर बॉक्समध्ये कंपनीनेच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचं तेल) किंवा इंजिन ऑइल सांगितलेलं असतं, तिथे वासावर विसंबू नका.

मागच्या सीलच्या नावावर खपणाऱ्या गळत्या तीन. पहिली स्पीडोमीटर केबलची किंवा सेन्सरची: ती मागच्याच हाऊसिंगमध्ये बसते आणि तिची ओ-रिंग कडक झाली की तेल हाऊसिंगवरून ओघळत थेट सीलच्या तोंडाशी येऊन थेंब धरतं. दुसरी रिव्हर्स लाइटच्या स्विचची. तिसरी गिअर बॉक्स आणि मागचं हाऊसिंग यांच्या सांध्यातल्या गॅस्केटची. हाऊसिंगचा वरचा भाग कोरडा आणि फक्त योकभोवतीचं कडं ओलं असेल, शिवाय वर गाडीच्या पत्र्यावर तेलाच्या शिंतोड्यांचा पट्टा उमटला असेल, तर सीलच. तो पट्टा फिरत्या योकवरून उडालेल्या तेलाचा असतो.

बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकातून तेल टपकत असेल तर प्रश्न पुढच्या सीलचा किंवा इंजिनच्या मागच्या मेन सीलचा आहे. ते काम निराळं आणि मोठं आहे, त्याबद्दल शेवटी.

सील कशामुळे गेलं

पाना हातात घ्यायच्या आधी या चार गोष्टी पाहा.

ब्रीदर. गिअर बॉक्स चालताना तापतो, आतली हवा फुगते आणि वर बसवलेल्या लहानशा टोपीतून किंवा नळीतून बाहेर पडते. ती वाट बुजली की दाब सीलच्या ओठावर येतो आणि ओठ उचलून तेल बाहेर येतं. ब्रीदर काढून फुंकर मारून बघा. टोपी हाताने वर-खाली हलली पाहिजे. गाडी लांब चालवून आल्यावरच गळते आणि थंड असताना कोरडी राहते, तेव्हा आधी ब्रीदरच पाहा. पुष्कळ वेळा काम तिथेच संपतं.

तेलाची पातळी. सपाट जागेवर फिलर प्लग उघडला आणि तेल भळाभळा बाहेर आलं, तर कुणीतरी जास्त भरलेलं आहे. जास्त तेल म्हणजे जास्त फेस, जास्त उष्णता आणि सीलवर जास्त भार.

बुश. हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडीखाली योक हाताने घट्ट धरा आणि सरळ वर-खाली ढकला. क्रॉसमधला (शाफ्टच्या वाकत्या सांध्यातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्यातला) खेळ आणि बुशमधला खेळ यांची गल्लत करू नका. त्यासाठी दुसऱ्या हाताचं बोट हाऊसिंगच्या कडेवर आणि योकच्या अंगावर एकाच वेळी ठेवा. चांगल्या बुशमध्ये फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकी असते, हाताला ती जवळपास जाणवत नाही. योक ठकठक हलत असेल आणि हलताना सीलच्या कडेने तेल ओघळत असेल, तर बुश गेलेला आहे. सीलचा ओठ शाफ्टची थोडीशी थरथर सोसतो. शाफ्टच इकडून तिकडे उड्या मारत असेल तर ओठ एका बाजूला उघडा पडतो आणि दुसऱ्या बाजूला दाबून झिजतो.

गिअर बॉक्सचं माउंटिंग आणि शाफ्टचे क्रॉस. रबर फाटून गिअर बॉक्स खाली बसला की शाफ्टचा कोन बदलतो. क्रॉस जाम किंवा ढिले असतील तर शाफ्ट थरथरतो. दोन्हीचा त्रास शेवटी बुश आणि सीललाच होतो. शाफ्ट खाली काढलाच आहे तर क्रॉस चारही दिशांना वाकवून बघा. मधे अडकत किंवा खटकत असेल तर याच वेळी बदला.

सामान

सील गाडीच्या आणि गिअर बॉक्सच्या नंबरावरून मागवा. एकाच व्हॅनमध्ये उत्पादनाच्या काळात दोन-तीन प्रकारचे गिअर बॉक्स आलेले असू शकतात. जुन्या सीलवर तीन आकडे छापलेले असतात, समजा ३५×५०×८. म्हणजे शाफ्टचा व्यास, सीलचा बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले असतील तर व्हर्नियरने योकचं बाहेरचं अंग मोजा. जुन्या सीलचं आतलं भोक मोजून सील घेऊ नका, कारण ओठ मुळातच शाफ्टपेक्षा लहान बनवलेला असतो आणि जुना झाला की पसरतो.

रबर कोणतं हेही विचारा. साधं नायट्राइल सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत ठीक चालतं. व्हायटॉन खूप जास्त उष्णता सोसतं आणि बहुधा लाल-तपकिरी असतं. पण रंग उत्पादकानुसार बदलतो, तेव्हा खात्री पाकिटावरच्या माहितीनेच करा. काही सीलच्या ओठावर आतून बारीक तिरप्या रेघा असतात आणि बाहेर बाण असतो. या रेघा तेल परत आत ढकलतात, म्हणून फिरण्याची दिशा बाणाशी जुळलीच पाहिजे. उलट्या दिशेचं सील पहिल्या दिवसापासून तेल बाहेर ओढतं.

याशिवाय ड्रेन आणि फिलर प्लगचे नवे वॉशर, शाफ्टच्या फ्लँजचे (बोल्टांनी जोडायच्या चकतीचे) नवे लॉकनट, स्पीडोमीटरची नवी ओ-रिंग, लिथियम ग्रीस, ब्रेक क्लीनर, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर आणि धागे न सुटणारी फडकी लागतील. हत्यारांत सील काढायचा हुक, बॉक्स पान्यांचा सेट, टॉर्क पाना, व्हर्नियर, तेल भरायचा पंप आणि सील ठोकायला एखादं नळकांडं. त्याचा बाहेरचा व्यास सीलपेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी आणि तोंड अगदी सरळ कापलेलं हवं. मोठा सॉकेटही चालतो.

तेलाच्या बाबतीत घाई नको. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-४ च भरा. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. ती डिफरन्शियलसाठी (मागच्या चाकांमधल्या गिअरांच्या डब्यासाठी) चांगली, पण जुन्या गिअर बॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) त्यांचा त्रास होऊ शकतो आणि गिअर पडायला जड जातात. दाटपणा ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० यांपैकी गाडीला जो सांगितला आहे तो घ्या. लहान व्हॅनला साधारण एक ते दीड लिटर, मोठ्या व्हॅनला दोन-अडीच लिटरपर्यंत तेल लागतं. दाट तेल भरून गळती थांबवायचा उपाय करू नका. थंडीत सिंक्रो अडकायला लागतात आणि गळती तशीच राहते.

गाडी वर घेणं

प्रोपेलर शाफ्ट सुटला की गिअरमध्ये टाकलेली गाडी धरून राहत नाही, कारण चाकांचा आणि गिअर बॉक्सचा संबंधच तुटलेला असतो. काही जुन्या व्हॅनमध्ये तर हँडब्रेकचा ड्रम गिअर बॉक्सच्या मागेच असतो. तिथे शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. म्हणून सपाट, कठीण जमिनीवर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा, मागची बाजू जॅकने उचला आणि चेसिसखाली दोन भक्कम स्टँड द्या. हाताने गाडी जोरात हलवून पाहा आणि मगच खाली शिरा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, दोन मिनिटांसाठीही नाही.

मागची चाकं अधांतरी राहिली की शाफ्ट फिरवून एकेक बोल्ट समोर आणता येतो. मागची बाजू उचलल्यामुळे तेल गिअर बॉक्समध्ये पुढे सरकतं, त्यामुळे योक काढताना कमी सांडतं. तेल अलीकडेच बदललं असेल तर ते न काढताही सील बदलता येईल. पण जुन्या गाडीत या निमित्ताने तेल काढून बघितलेलं बरं.

आधी फिलर प्लग सोडवा, मग ड्रेन. हा क्रम कधी उलटा करू नका. ड्रेन उघडून तेल सांडलं आणि मग कळलं की फिलर गंजून बसलाय, की गाडी जागेवरच अडकते. प्लग अडला असेल तर भोवतालचं हाऊसिंग थोडं तापवा आणि नीट बसणाऱ्या पान्याने सोडवा. ढिल्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. तेल कोमट असताना काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मलमासारखा लेप असणं नेहमीचं आहे. पितळी चमक भरपूर दिसली तर सिंक्रो झिजताहेत. दाताचा तुकडा किंवा बेअरिंगची कपची सापडली तर सीलचं काम थांबवा, गिअर बॉक्स उघडावा लागणार आहे.

शाफ्ट आणि जुनं सील

डिफरन्शियलच्या फ्लँजवर आणि शाफ्टच्या फ्लँजवर मिळून एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने मारा. शाफ्ट त्या जागेवर बॅलन्स झालेला असतो. १८० अंश फिरवून बसला तर एखाद्या ठरावीक वेगाला गाडी घुमायला लागते. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर दोन्ही तुकड्यांच्या सांध्यावरही खूण करा, आणि मधल्या बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पातळ चकत्या असतील तर त्या कोणत्या बाजूला किती होत्या ते लिहून ठेवा.

चारही बोल्ट ढिले करताना हँडब्रेक ओढा किंवा फ्लँज लांब दांड्याने अडवा. शेवटचा बोल्ट काढताना शाफ्टला खालून आधार द्या, तो लोंबकळू देऊ नका. क्रॉसच्या वाट्या पट्टीने धरलेल्या प्रकारच्या असतील तर त्यांना लगेच चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर वाटी पडून सुया जमिनीवर विखुरतात. मग शाफ्ट सरळ मागे ओढा. योक बाहेर आल्याबरोबर थोडं तेल येईलच, भांडं आधीच खाली ठेवा.

सगळ्याच गाड्यांत सरकता योक नसतो. काहींत गिअर बॉक्सच्याच शाफ्टवर फ्लँज असून मधे एक मोठा नट असतो. त्याची कड खाचेत ठोकून अडवलेली असते. ती कड आधी छिन्नीने उचला, फ्लँज दांड्याने धरून नट सोडवा आणि फ्लँज पुलरने काढा; मागून हातोडा मारून काढू नका, तो मार आतल्या बेअरिंगवर जातो. बसवताना नवा नट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळून त्याची कड पुन्हा खाचेत ठोका.

सील काढण्याआधी ते किती खोल बसलंय ते चार ठिकाणी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. जुन्या सीलकडून मिळणारी ही सगळ्यात उपयोगी माहिती आहे. हुकाचं टोक ओठाच्या मागे अडकवा आणि कडेकडेने, जागा बदलत उचला. हुक ठरत नसेल तर सीलच्या पत्र्यावर समोरासमोर दोन लहान भोकं पाडून त्यात स्क्रू पिळा आणि पकडीने आळीपाळीने ओढा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे किस आत न पडता ग्रीसला चिकटतो. ड्रिल पत्र्याच्या पलीकडे गेलं तर बुशला किंवा हाऊसिंगला लागतं, म्हणून अगदी अलगद. स्क्रू-ड्रायव्हरने हाऊसिंगच्या कडेवर टेकू घेऊन उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला एक उभा ओरखडा नव्या सीलच्या बाहेरून तेलाला वाट करून देतो, आणि मग आतला ओठ कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

काढलेलं सील फेकण्याआधी हातात घेऊन बघा. ओठ सगळीकडे सारखा झिजून चकचकीत पट्टा रुंद झालाय, म्हणजे वयाने गेलं. एकाच बाजूला झिजलंय, म्हणजे बुश. ओठ कडक होऊन वाकवल्यावर तडकतोय, म्हणजे उष्णता. ओठावर एकच फाट, म्हणजे आधी बसवणाऱ्याने योकच्या धारेवर कापलं. ओठामागची गोल स्प्रिंग जागेवर नाही, म्हणजे ठोकताना उडाली. ती स्प्रिंग आत राहिली नाही ना, हे टॉर्चने नक्की बघा.

योक आणि बुश

योक स्वच्छ पुसा आणि सीलचा ओठ जिथे फिरतो त्या पट्ट्यावरून नखाचं टोक हळूच लांबीच्या दिशेने ओढा. चकचकीत पट्टा दिसला तरी नख न अडकता सरकलं तर ठीक. १००० नंबरचा पेपर ओला करून अंगठ्याखाली धरा आणि गोलाकार फिरवून गंजाचे डाग काढा. लांबीच्या दिशेने घासू नका. तिरप्या आणि उभ्या ओरखड्यांतून तेल स्क्रूसारखं बाहेर चढतं. तोंडाच्या धारेवर खडबडीत कंगोरा असेल तर तोही मऊ करा, ओठ कापतो तो तिथेच.

नख चरात अडकून थांबलं तर पेपरने काम होणार नाही. तीन वाटा आहेत. नवा योक हा सगळ्यात चांगला. दुसरी, योकवर पातळ पोलादी रिपेअर स्लीव्ह चढवणं. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे मूळ मापाचंच सील चालतं. मात्र ती योकच्या नेमक्या व्यासाची हवी आणि एकदा बसली की पुन्हा काढून वापरता येत नाही. तिसरी, हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर कमी खोल बसवून ओठ ताज्या अंगावर आणणं. ही युक्ती चालते, पण सील कडेबाहेर येऊन तिरकं बसणार नाही याची खात्री असेल तरच करा.

बुश गेलेला असेल तर सील बसवण्याआधी तो बदला. काही हाऊसिंगमध्ये तो मागूनच पुलरने ओढून काढता येतो, काहींमध्ये हाऊसिंग उतरवून प्रेसवर न्यावं लागतं, तर काहींमध्ये बुशसकट हाऊसिंगच नवं मिळतं. बुशला तेलाचं भोक किंवा खाच असते. ती हाऊसिंगमधल्या तेलाच्या वाटेसमोर आलीच पाहिजे. भोक वर-खाली बसलं तर बुश कोरडा चालतो, योकसकट जळतो, आणि नवं सील त्यांच्याबरोबर जातं.

नवं सील बसवणं

सीलची जागा ब्रेक क्लीनरच्या फडक्याने पुसा, फवारा आत मारू नका. बोट फिरवून कंगोरे शोधा आणि असतील तर बारीक पेपरने घालवा. सीलचं बाहेरचं अंग उघड्या पत्र्याचं असेल तर त्यावर न सुकणाऱ्या सीलंटचा केसाइतका पातळ थर द्या. बाहेरून रबर असेल तर सीलंट नको, तेलाचा हात पुरे.

स्प्रिंगच्या खोबणीत ग्रीस भरा. ठोकण्याच्या धक्क्याने स्प्रिंग उडू नये म्हणून हे ग्रीस हवं, ते पुढे तेलात विरघळून जातं. मुख्य ओठ आणि बाहेरचा धुळीचा ओठ यांच्यामधल्या जागेतही थोडं ग्रीस लावा. अपवाद पांढऱ्या किंवा करड्या टेफ्लॉन ओठाच्या सीलचा: बहुतेक उत्पादक ती कोरडीच बसवायला सांगतात, पाकिटावरची सूचना वाचा.

स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. सील आधी हाताने तोंडात सरळ बसवा. तिरकं दिसलं तर ठोकून सरळ होईल या आशेवर पुढे जाऊ नका, काढून पुन्हा ठेवा. नळकांडं सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकवा आणि रबरी हातोडीने हलके, मधोमध ठोके द्या. दर दोन-तीन ठोक्यांनी थांबून बघा. सील सरकत असताना आवाज पोकळ, बोथट येतो. टेकलं की एकदम टणक, धातूचा येतो. तो बदल ऐकला की हात थांबवा. ज्या हाऊसिंगमध्ये टेकायला पायरीच नाही, तिथे आधी लिहून ठेवलेली खोली हाच आधार. जास्त खोल गेलं तर तेल परत जाण्याची वाट बुजू शकते. शेवटी चार ठिकाणी खोली मोजा; फरक पाव मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

मग योकच्या बाहेरच्या अंगाला गिअर ऑइल लावा. आतल्या स्प्लाइनला (लांबीच्या दिशेच्या खाचांना) मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेवढंच ग्रीस. योकची पोकळी ग्रीसने भरून टाकली तर शाफ्ट आत सरकायला जागा उरत नाही, आणि गाडी खड्ड्यात दबली की तो धक्का गिअर बॉक्सच्या बेअरिंगवर जातो. शाफ्ट दोन्ही हातांनी सरळ धरून योक सीलच्या मधोमध आत न्या. स्प्लाइन जुळेपर्यंत शाफ्ट हळूच फिरवा, त्याचं वजन सीलच्या ओठावर टेकू देऊ नका. सगळं काम नीट होऊनही सील इथेच कापलं जातं, म्हणून जागा अडचणीची असेल तर मागचं टोक धरायला दुसरा माणूस घ्या.

खुणा जुळवा, नवे लॉकनट लावा, आडवे-तिडवे टप्प्याटप्प्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

तेल भरणं आणि तपासणी

तेल गाडी सपाट असतानाच भरायचं. मागची बाजू उचललेली ठेवून भोकापर्यंत भरलं तर पातळी चुकते. गाडी खाली घ्या किंवा चारही बाजूंनी सारखी उचला. बहुतेक गिअर बॉक्समध्ये तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेला लागून ओघळायला लागलं की पुरे झालं. पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा, दाट तेल बसायला वेळ घेतं. किती तेल गेलं ते मोजा. सांगितलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमीच गेलं तर गाडी तिरपी आहे किंवा जुनं तेल पूर्ण आलेलं नाही. प्लग नव्या वॉशरसह आवळा. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, त्याला आट्यांवर सीलंट लागतं. ॲल्युमिनियमचे आटे जोराला लगेच मरतात, तेव्हा लांब दांड्याचा पाना इथे नको.

हाऊसिंग, शाफ्ट आणि वरचा पत्रा पुन्हा धुवून कोरडा करा, नाहीतर जुनंच तेल ओघळून नवी गळती वाटेल. पंधरा किलोमीटर चालवा, पुठ्ठ्यावर रात्रभर उभी करा. सकाळी योकभोवती बोट फिरवलं तर धुळीच्या ओठावरचं ग्रीस थोडं लागेल, ते चालेल. थेंब नको. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा खाली बघा आणि पातळी तपासा.

पहिल्याच फेरीत धार लागली तर ओठ कापला गेलाय किंवा सील उलट बसलंय. ओठ कोरडा पण बाहेरच्या कडेने पाझर असेल तर जागेवर ओरखडा आहे. आठवडाभर ठीक राहून मग ओलं झालं तर पुन्हा बुश आणि ब्रीदर. नवी घुमघुम सुरू झाली तर खुणा तपासा.

पुढचं सील

बेल हाऊसिंगमधून येणारं तेल गंधकाच्या वासाचं असेल आणि क्लच घसरत किंवा थरथरत असेल, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून गिअर बॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टचं) सील गेलं आहे. यासाठी गिअर बॉक्स उतरवावाच लागतो. त्याचं वजन एका माणसाला झेपणारं नाही. गिअर बॉक्सचा जॅक आणि दोन माणसं हवीत. उतरवताना आणि चढवताना वजन इनपुट शाफ्टवर लोंबू देऊ नका, क्लच प्लेटचा हब वाकतो.

सील बहुतेक वेळा पुढच्या बेअरिंगच्या कव्हरमध्ये असतं. कव्हरमागे शिम (पातळ चकत्या) असतील तर त्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. बेअरिंगचा दाब त्यांच्यावर ठरलेला असतो. कव्हरचे काही बोल्ट आरपार आतल्या तेलापर्यंत जातात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावलं नाही तर नवं सील बसवूनही बेल हाऊसिंग ओलं राहतं. कव्हर चढवताना शाफ्टच्या स्प्लाइनवर पातळ प्लास्टिक गुंडाळा. त्या धारांवरून उघडा ओठ सरकवला की तो कापला गेलाच समजा.

तेलाने भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुवून पुन्हा बसवू नका. तेल अस्तरात मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं. प्लेट नवी घ्या, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं मेन सीलही याच वेळी पाहा. गिअर बॉक्स परत चढवताना प्लेट सेंटरिंग टूलने मधोमध धरा. बेल हाऊसिंग आणि इंजिन यांच्यात दहा-पंधरा मिलिमीटर फट राहिली आणि हाताने मिटत नसेल, तर बोल्ट आवळून ती ओढून घेऊ नका. स्प्लाइन जुळलेले नाहीत किंवा प्लेट मध्यावर नाही. जबरदस्ती केली तर बेल हाऊसिंगचा कान तुटतो. गिअर बॉक्स टॉप गिअरमध्ये टाकून मागून योक थोडा-थोडा फिरवा, शाफ्ट आपोआप आत सरकेल आणि फट हाताने मिटेल. मगच बोल्ट.